व्हिसाची फाइल घरातल्या कागदांपासून

संगमनेर, लोणी, कोपरगाव आणि नगरच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतली, राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठातली मुलं-मुली परदेशी शिकायला निघतात, तेव्हा पुष्कळ घरांत परदेशी जाणारं ते पहिलंच माणूस असतं. आयईएलटीएसचा स्कोअर येतो, ऑफर लेटर येतं, पेढे वाटून होतात आणि जून-जुलै उजाडला की सगळं घर घायकुतीला येतं. दहावीच्या सर्टिफिकेटावर एक नाव, आधारवर दुसरं. जन्मदाखल्यावर मुलाचं नावच नाही. खात्यात शिल्लक दिसावी म्हणून चुलत्याने आठ लाख टाकलेले, पण ते कुठून आले हे सांगायला कागद नाही. यातलं बहुतेक सगळं वर्षभर आधी, तालुक्याच्या गावी, थोड्या खर्चात निस्तरता येतं. म्हणून कन्सल्टंटच्या ऑफिसची पायरी चढण्याआधी घरातलं कपाट उघडा. सप्टेंबरात जायचं असेल, तर आदल्या दिवाळीच्या सुट्टीत उघडा.

व्हिसा देणारा अधिकारी तुमचं शेत पाहत नाही, गावातली पत त्याला ठाऊक नसते. त्याच्यासमोर असतात ते कागद, आणि ते वाचायला त्याच्याकडे वेळ थोडा असतो. सगळे कागद एकच हकिकत सांगत असतील तर काम सोपं होतं. दोन कागद दोन गोष्टी सांगू लागले की शंका येते, आणि शंकेचा फायदा अर्जदाराला मिळत नाही.

सुरुवात नावापासून करा. दहावी-बारावीच्या जुन्या सर्टिफिकेटांवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं नाव असा क्रम असतो. पासपोर्टात आडनावाचा रकाना वेगळा आणि बाकी नावाचा वेगळा. क्रम बदलला म्हणून कुणी अडवत नाही. अडचण होते ती स्पेलिंगची. पूजा हे नाव कुठे दोन ‘ओ’ घालून लिहिलेलं असतं, कुठे ‘यू’ घालून. आपल्या जिल्ह्यात वडिलांच्या नावाचा घोळ तर घरोघरी सापडतो. शाळेच्या दाखल्यावर भाऊसाहेब, आधारवर भाऊ, सातबाऱ्यावर तिसरंच कागदोपत्री नाव आणि बँकेत ‘ऊर्फ’ लावून दोन्ही. गावात सगळे ओळखतात म्हणून हे वर्षानुवर्षं चालून जातं. पण ब्रिटनच्या अर्जात वडिलांच्या खात्यातले पैसे दाखवायचे, तर खातेदार हाच अर्जदाराचा बाप आहे हे कागदाने सिद्ध करावं लागतं.

उपाय असा. दहावीचं सर्टिफिकेट आणि पासपोर्ट ही दोन कागदपत्रं एकमेकांशी जुळवून घ्या आणि बाकी सगळं त्यांच्याकडे वळवा. आधार, पॅन, बँक खातं दुरुस्त करणं सोपं असतं. बोर्डाचं सर्टिफिकेट दुरुस्त करायला वेळ लागतो. नाव खरोखरच बदललं असेल तर शासनाच्या राजपत्रात प्रसिद्ध करा. वडिलांच्या नावाचे दोन-तीन प्रकार असतील तर ती एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र करून ठेवा. लग्न झालेल्या मुलींना एक सांगणं: पासपोर्टावर सासरचं आडनाव लावायची सक्ती नाही. शिक्षणाचे सगळे कागद माहेरच्या नावाचे असतील तर अर्जाच्या तोंडावर पासपोर्ट बदलायच्या फंदात पडू नका. आणि विद्यापीठाचा अर्ज भरताना नाव पासपोर्टावर आहे तसंच, अक्षर न् अक्षर टाका. तिथे चूक झाली की ती विद्यापीठाकडून येणाऱ्या प्रवेशाच्या कागदात, म्हणजे अमेरिकेच्या आय-२०मध्ये किंवा ब्रिटनच्या कॅसमध्ये उतरते आणि मग सुधारित कागद मागवत बसावं लागतं.

आपल्या जिल्ह्याचा पासपोर्ट पुण्याच्या प्रादेशिक कार्यालयाखाली येतो. साध्या ३६ पानी पासपोर्टाची फी १,५०० रुपये. मुलगी पुण्यात हॉस्टेलवर राहते आणि पत्ता पारनेरचा दिला, तर पोलीस पडताळणीच्या दिवशी ती घरी नसते आणि शेरा प्रतिकूल पडू शकतो. त्या दिवसांत कुठे असणार हे ठरवूनच अर्ज करा. पासपोर्ट आधीच असेल तर मुदत पाहा. शिक्षणाच्या मध्येच संपत असेल तर निघण्याआधी नवा करून घेणं बरं.

जिल्ह्याच्या नावाबद्दल पालक हमखास विचारतात. २०२४ साली अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. जुन्या पासपोर्टावर जन्मस्थळ अहमदनगर आहे आणि नवा रहिवासी दाखला अहिल्यानगरचा. यात घाबरण्यासारखं काही नाही. अर्जात जन्मस्थळ पासपोर्टावर आहे तेच लिहा, सध्याचा पत्ता आजच्या नावाने लिहा, आणि नामांतराच्या अधिसूचनेची प्रत इंग्रजी भाषांतरासह फाइलला लावा. केवळ एवढ्यासाठी नवा पासपोर्ट काढायची गरज नाही. पुणे विद्यापीठाचं २०१४ साली सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झालं, तेव्हाही जुन्या पदव्या जुन्या नावानेच चालत राहिल्या.

जन्मदाखला मात्र आजच काढून पाहा. बाळंतपण आईच्या माहेरी झालं असेल तर नोंद तिकडच्या ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत असते. पुष्कळ जुन्या नोंदींत फक्त ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ असतं. ते नाव घालून घेणं, आईवडिलांच्या नावांचं स्पेलिंग तपासणं आणि मराठी-इंग्रजी दाखला हाती येणं, याला हेलपाटे पडतात. ऐन हंगामात ते जमत नाही.

आता पैशाचा भाग. फाइल इथे तुटते, आणि शेतकऱ्याची फाइल तर इथे हमखास तुटते. शेतीचं उत्पन्न करमुक्त असल्यामुळे रिटर्न भरलेलंच नसतं, किंवा भरलं असेल तर त्यात दुकानाचं नाहीतर पगाराचं थोडं उत्पन्न दिसतं. मग सल्ला मिळतो की शेती दाखवूच नका, एखाद्या नातेवाइकाचा धंदा दाखवू. हा सल्ला मानू नका. शेतीचं उत्पन्न हे खरं उत्पन्न आहे. ते नीट मांडायला हवं, एवढंच.

ऊस घालणाऱ्या घराचं बँक स्टेटमेंट बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांनी एकदा पाहा. महिनोन्‌महिने खात्यात वीस-पंचवीस हजार. मग गाळप हंगामात एकदम साडेतीन लाख जमा, पुढे काही दिवसांनी दुसरा हप्ता, दिवाळीला आणखी थोडे. मार्चअखेर सोसायटीचं नवं-जुनं: दोन लाख भरले, चार दिवसांत पुन्हा दोन लाख उचलले. आपल्याला यात काहीच वावगं वाटत नाही. पण ज्याने ऊस पाहिलेला नाही त्या अधिकाऱ्याला दिसतं ते असं, की व्हिसासाठी कुठून तरी पैसे आणले आणि परत नेले. त्याच्या हातात कारखान्याचं ऊस बिल, वजनाच्या पावत्या, सातबारा, आठ-अ आणि एक पानी इंग्रजी टिपण द्या. टिपणात लिहा: एवढी एकरं, एवढा टनेज, कारखाना अमुक, बिल अमुक तारखेला या खात्यात जमा, ती नोंद स्टेटमेंटच्या अमुक पानावर. नोंदीखाली पेनाने खूण करा. कांद्याची बाजार समितीतली पट्टी, दूध संघाचा दहा-दहा दिवसांचा पगार, डाळिंबाच्या व्यापाऱ्याचं बिल, सगळं याच पद्धतीने लावा. दुधाचे पैसे रोखीने घेत असाल तर आजपासून खात्यात घ्यायला लागा. वर्षभराच्या नियमित नोंदी फाइलला जे बळ देतात, ते शेवटच्या महिन्यातले दहा लाख देत नाहीत.

सातबारा मराठीत असतो. डिजिटल सहीचा उतारा काढा आणि त्याचं इंग्रजी भाषांतर करून घ्या. भाषांतर करणाऱ्याचं नाव, सही, तारीख, संपर्क आणि भाषांतर अचूक असल्याचा दाखला खाली हवा. चार्टर्ड अकाउंटंटकडून नेटवर्थ सर्टिफिकेट घेतलं तर त्यावर यूडीआयएन क्रमांक आहे की नाही ते पाहा. २०१९पासून तो बंधनकारक आहे. आणि लक्षात घ्या, जमिनीची किंमत म्हणजे फी भरायला हातात असलेले पैसे नव्हेत. जमीन तुमचं गावाशी असलेलं नातं दाखवते. फी आणि राहण्याचा खर्च बँकेतल्या रकमेतून किंवा मंजूर कर्जातूनच दिसायला हवा.

तहसीलदारांच्या उत्पन्नाच्या दाखल्याबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. कॉलेजच्या फी-सवलतीसाठी वर्षाला लाख-सव्वा लाखाचा दाखला काढायचा आणि व्हिसासाठी अठरा लाखांचं सर्टिफिकेट आणायचं, हे अनेक घरांत घडतं. दोन्ही कागद सरकारी किंवा व्यावसायिक सहीचे, आणि दोघांपैकी एक खोटा. कुणीही ताडून पाहिलं तर उत्तर नसतं. ज्या घरात मूल परदेशी पाठवायचा विचार आहे, त्या घराने आधीपासूनच खरा आकडा सांगायची सवय ठेवावी.

पतसंस्थेतल्या ठेवींचंही पाहा. आपल्या जिल्ह्यात पतसंस्था गावोगावी आहेत आणि माणसं विश्वासाने तिथे पैसे ठेवतात. पण पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. रिझर्व्ह बँकेचं नियमन तिला नाही, पाच लाखांपर्यंतचं ठेव विम्याचं संरक्षण तिच्या ठेवींना नाही, आणि ब्रिटनच्या नियमांप्रमाणे पैसा अधिकृत नियंत्रणाखालच्या, संगणकीकृत नोंदी ठेवणाऱ्या संस्थेत असावा लागतो. ठेव मोडून पैसे बँकेत आणायचे असतील तर सहा महिने आधी आणा आणि मोडल्याची पावती जपा. ऑक्टोबर २०२३मध्ये रिझर्व्ह बँकेने नगर अर्बन को-ऑपरेटिव्ह बँकेचा परवाना रद्द केला, तेव्हा ठेवीदारांची काय अवस्था झाली हे नगरकरांना सांगायला नको. मुलाच्या शिक्षणाची सगळी रक्कम एकाच ठिकाणी ठेवू नका.

ब्रिटनचा अठ्ठावीस दिवसांचा नियम नीट समजून घ्या. उरलेली फी आणि राहण्याचा खर्च मिळून लागणारी रक्कम खात्यात सलग २८ दिवस हवी, आणि त्या कालावधीचा शेवटचा दिवस अर्जाच्या तारखेआधी ३१ दिवसांच्या आत हवा. राहण्याचा खर्च नोव्हेंबर २०२५पासून लंडनमध्ये महिन्याला १,५२९ पौंड आणि लंडनबाहेर १,१७१ पौंड धरतात, जास्तीत जास्त नऊ महिन्यांचा. म्हणजे लंडनबाहेर १०,५३९ पौंड. एका दिवसासाठी जरी शिल्लक याखाली गेली तरी अर्ज फेटाळला जाऊ शकतो. सप्टेंबरच्या प्रवेशासाठी हे २८ दिवस नेमके जून-जुलैत पडतात, आणि तेव्हाच खरिपाची पेरणी, खतं, बियाणं, मजुरी यासाठी त्याच खात्यातून पैसे निघतात. म्हणून शेतीचं खातं आणि शिक्षणाचं खातं वेगळं करा. उसाचं बिल आलं की शिक्षणाचा वाटा दुसऱ्या खात्यात टाका आणि त्याला हात लावू नका. खातं विद्यार्थ्याचं किंवा आईवडिलांचं हवं. काका, मामा, आजोबा कितीही मायेचे असले तरी त्यांच्या खात्यातला पैसा या नियमात बसत नाही. त्यांना मदत करायचीच असेल तर ती आधीच, बक्षीसपत्रासह, बँकेतून आईवडिलांच्या खात्यात यावी.

कर्ज काढणार असाल तर आणखी एक गाठ आहे. दहा एकर बागाईत असूनही बँक तारण म्हणून जमीन घेत नाही, याचा शेतकऱ्याला राग येतो. कारण कायद्यात आहे: सरफेसी कायद्याच्या कलम ३१प्रमाणे शेतजमिनीवर त्या कायद्याने वसुली करता येत नाही, म्हणून मोठ्या शैक्षणिक कर्जाला बँका बिगरशेती प्लॉट, फ्लॅट किंवा ठेव मागतात. गावठाणातल्या घराचा ग्रामपंचायतीचा उतारा बहुतेकदा पुरत नाही. मालमत्ता पत्रक झालं असेल तर ते काढा. सहअर्जदार वडील असतील तर त्यांचा सिबिल आधी पाहून घ्या. जुन्या पीककर्जाची थकबाकी, ‘सेटल्ड’ असा शेरा, किंवा कुणाच्या ट्रॅक्टरच्या कर्जाला राहिलेला जामीन, यातलं काहीही कर्ज अडवू शकतं. आणि मंजुरीपत्र वाचून पाहा. ‘तत्त्वतः मंजूर’ असं लिहिलेलं पत्र चालेल असं धरून चालू नका.

बाकीच्या देशांचं थोडक्यात. जर्मनीसाठी भारतीय विद्यार्थ्यांना नोव्हेंबर २०२२पासून शैक्षणिक कागद तपासणाऱ्या दिल्लीच्या एपीएस केंद्राचं प्रमाणपत्र लागतं. त्याला वेळ लागतो, म्हणून पदवीचे कागद हाती येताच अर्ज करा. राहण्याच्या खर्चासाठी ब्लॉक्ड खात्यात वर्षाचे ११,९०४ युरो ठेवायचे. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नाममात्र, त्यामुळे मध्यम ऐपतीच्या घराने जर्मनीचा विचार जरूर करावा, मात्र भाषा आधीपासून शिकावी. कॅनडाची झटपट वाट, म्हणजे एसडीएस, नोव्हेंबर २०२४मध्ये बंद झाली. सप्टेंबर २०२५पासून एकट्या विद्यार्थ्याला फी आणि प्रवासाशिवाय २२,८९५ कॅनेडियन डॉलर दाखवावे लागतात. ऑस्ट्रेलियाच्या अर्जाची फीच जुलै २०२५पासून २,००० ऑस्ट्रेलियन डॉलर आहे आणि अर्ज फेटाळला तरी ती परत मिळत नाही. अमेरिकेसाठी सेविस या विद्यार्थी-नोंदणीचे ३५० डॉलर आणि व्हिसा अर्जाचे १८५ डॉलर. हे आकडे दर वर्षी बदलतात. पैसे भरायच्या दिवशी त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर स्वतः पाहा.

परदेशी एमबीबीएसला जाणाऱ्यांनी व्हिसाआधी आपल्याकडचे नियम वाचावेत. ‘नीट’ परीक्षेची पात्रता हवीच. २०२१च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नियमांप्रमाणे अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा, इंग्रजी माध्यमाचा, आणि वर भरीला त्याच संस्थेत बारा महिन्यांची इंटर्नशिप हवी. यात न बसणाऱ्या कॉलेजचा व्हिसा मिळेल, पण परत आल्यावर इथे प्रॅक्टिस करता येणार नाही.

शिष्यवृत्त्या पुष्कळांना ठाऊकच नसतात. अनुसूचित जातींसाठी सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. आदिवासी विकास विभागाचीही स्वतंत्र योजना आहे; अकोले तालुक्यातल्या मुलांनी ती पाहावी. मराठा-कुणबी विद्यार्थ्यांसाठी सारथीची, ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी बहुजन कल्याण विभागाची आहे. विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट असते, म्हणून विद्यापीठ निवडण्याआधी जाहिरात वाचा. शिष्यवृत्तीचा निकाल आणि फी भरायची शेवटची तारीख जुळेलच असं नाही. विद्यापीठाला आधीच पत्र लिहून मुदत मागा. सरकारी शिष्यवृत्तीचं पत्र मिळालं तर पैशाचा प्रश्न एका कागदात सुटतो.

एजंटबद्दल. चांगले सल्लागार आहेत आणि त्यांची मदत होते. पण अर्जावर सही तुमची असते. २०२३मध्ये कॅनडात शेकडो भारतीय विद्यार्थ्यांची प्रवेशपत्रं बनावट निघाली. पंजाबातल्या एजंटने दिलेली, मुलांना बहुधा कल्पनाही नव्हती. हद्दपारीची टांगती तलवार मात्र त्यांच्यावर आली. त्यानंतर डिसेंबर २०२३पासून कॅनडा प्रत्येक प्रवेशपत्र थेट कॉलेजकडून पडताळून घेतो. खोट्या कागदाची शिक्षा भारी असते: कॅनडात पाच वर्षं बंदी, ब्रिटनमध्ये दहा, अमेरिकेत कायमची. म्हणून ‘पैसे आम्ही दाखवतो, टक्केवारी द्या’ म्हणणाऱ्याच्या दारातून परत फिरा. अर्जात ईमेल आणि मोबाइल स्वतःचा टाका, पासवर्ड स्वतःजवळ ठेवा, भरलेला अर्ज सबमिट होण्याआधी ओळ न् ओळ वाचा, आणि भरलेल्या प्रत्येक रुपयाची पावती घ्या. आधी कुठल्याही देशाने व्हिसा नाकारला असेल तर तो लपवू नका.

‘हाच कोर्स का’ या प्रश्नाचं उत्तर नेटवरून उचललेलं असलं की ओळखू येतं. ऑस्ट्रेलियाच्या अर्जात प्रत्येक प्रश्नाला फार तर दीडशे शब्द मिळतात; त्यात फुलोऱ्याला जागा नाही. राहुरीतून कृषी पदवी घेतलेल्या मुलाने लिहावं की आमच्याकडे डाळिंबावर तेल्या येतो, बागा तोडाव्या लागतात, मला वनस्पतिरोगशास्त्रात हे शिकायचंय, या विद्यापीठातल्या अमुक विषयात ते आहे, परत येऊन मी अमुक करणार. हे वाक्य फक्त तोच लिहू शकतो. मुलाखतीतही असंच बोलावं. इंग्रजी साधं असलं तरी चालतं. पाठ केलेलं नको. बारावीनंतर एक वर्ष गेलं, बॅकलॉग राहिले, तर कारण सरळ सांगा. वडील काय करतात या प्रश्नाला ‘शेती’ हे उत्तर मान ताठ ठेवून द्या आणि एकर, पीक, वर्षाचं उत्पन्न फाइलमधल्या आकड्यांशी जुळणारं सांगा. अमेरिकेच्या अर्जात मागच्या पाच वर्षांतली सोशल मीडियाची खाती लिहावी लागतात, आणि जून २०२५पासून विद्यार्थ्यांना ती सर्वांना दिसतील अशी उघडी ठेवावी लागतात. एकही खातं वगळू नका.

अमेरिकेच्या मुलाखतीसाठी मुंबईला वांद्रे-कुर्ला संकुलात जावं लागतं, आणि त्याआधी बोटांचे ठसे आणि फोटोसाठी वेगळी वेळ असते. नगरहून पहाटे निघून दहाची वेळ गाठायच्या भरीस पडू नका. घाटात एक ट्रक आडवा झाला तर वेळ जाते आणि नवी लवकर मिळत नाही. आदल्या दिवशी मुक्कामाला जा. मोबाइल आत नेता येत नाही, म्हणून सोबत घरचं माणूस असू द्या. नकार मिळाला तर तिथे वाद घालून उपयोग नसतो. अमेरिकेत अपील नाही, पुन्हा अर्ज करता येतो. पण परिस्थितीत किंवा कागदांत काही बदललं असेल तरच करा. ब्रिटनचं नकारपत्र कारण लिहून देतं, आणि अधिकाऱ्याची चूक असेल तर २८ दिवसांत फेरतपासणी मागता येते.

व्हिसा मिळाला की नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक आणि मुदत त्याच दिवशी ताडून पाहा. ब्रिटनने जुलै २०२५पासून बहुतेक विद्यार्थ्यांना पासपोर्टावर चिकटवायचा कागद देणं बंद केलंय. व्हिसा ऑनलाइन खात्यात असतो, तेव्हा निघण्याआधी त्या खात्यात लॉगिन होतं का ते पाहा आणि चूक दिसली तर लगेच कळवा. मूळ सर्टिफिकेटं, कॅस किंवा आय-२०, कर्जाचं पत्र आणि फीच्या पावत्या हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इनच्या सामानात नको. सगळ्यांची एकेक प्रत घरी आईकडे, आणि एक बँकेत कर्जाचा पुढचा हप्ता सोडवायला जाणाऱ्या माणसाकडे.